डिपॉझिट कोणी भरलं?

मागे एकदा दादरला एका छोट्या हॉलमध्ये नव्या लेखकांच्या कथावाचनाला गेलो होतो. असे कार्यक्रम कसे असतात ते तुम्हाला माहितीये, प्लास्टिकच्या खुर्च्या, त्यातल्या निम्म्या रिकाम्या, कुरकुरणारा पंखा, खालून टॅक्सीवाल्यांचे हॉर्न, आणि मध्यंतरात पार्लेजी बुडवून चहा. एका मुलानं कथा वाचली. चोवीस-पंचवीसचा असेल, आवाज मस्त, वाचण्याची घाई नाही. कथेतली मुलगी वांद्र्याला एकटी राहते, फ्लॅटच्या खिडकीतून समुद्र दिसतो, कुठल्यातरी ऑफिसात कायतरी काम करते, आणि रात्री त्या खिडकीत बसून पाऊस बघता बघता तिला वाटतं की हे शहर आपल्याला गिळत चाललंय. भाषा खरंच छान होती, दोनतीन वाक्यं तर मी मनातल्या मनात परत म्हणून पाहिली. टाळ्या झाल्या. कुणाला काही विचारायचंय का, असं सूत्रसंचालकानं विचारलं तर मागच्या रांगेतल्या एक काकू उठल्या, हातात मेथीची जुडी डोकावणारी पिशवी, बहुतेक बाजारातून थेट आल्या असाव्यात. म्हणाल्या, "छान लिहिलंयस बाळा. पण तिचं डिपॉझिट कोणी भरलं?"

हॉल हसला. मुलगा पण हसला आणि म्हणाला, "काकू, कथेत ते महत्त्वाचं नाहीये." काकू "बरं" म्हणून खाली बसल्या. पुढची कथा सुरू झाली.

मला मात्र त्यानंतरच्या दोन्ही कथा नीट ऐकू आल्या नाहीत. डोक्यात तेच चाललं होतं, खरंच कोणी भरलं असेल? बापानं भरलं असेल तर रोज रात्री नऊला बापाचा फोन येणार, जेवलीस का, दाराला आतून कडी लावलीस का, आणि ती खोटं बोलणार. बॉयफ्रेंडनं भरलं असेल तर ब्रेकअपच्या रात्री रडण्याआधी ती मनात आकडेमोड करणार. कंपनीनं घर दिलं असेल तर नोकरी सोडणं म्हणजे घर सोडणं, मग बॉस कितीही वाईट वागला तरी ती गप्प. आणि स्वतःच्या पैशातून भरलं असेल तर वांद्र्याला सी फेसिंग घेणारी बाई पाऊस बघत बसलेली नसते, ती लॅपटॉप उघडून बसलेली असते, पाऊस काचेवर आपला आपण पडत असतो. ११ महिन्यांचं अ‍ॅग्रीमेंट संपत आलं की ब्रोकर फोन करणार, ओनर भाडं वाढवणार, आणि तिला शहर गिळत असेल तर ते नेमकं त्या महिन्यात गिळणार.

हल्ली कधीमधी कोणीतरी विचारतं, दादा, मला मुंबईवर लिहायचंय, कशी सुरुवात करू. मी काही मोठा लेखक वगैरे नाही, चार दिवाळी अंकांत कथा आल्यात, एवढंच. पण विचारलं की मी आता काकूंचा प्रश्न पुढे करतो. तुझं पात्र राहतं कुठे, ती जागा त्याला मिळाली कशी, भाडं कोण देतं. एवढं सांग, मग पाऊस पाड.

माझी आजी काळाचौकीला खानावळ चालवायची. खानावळ म्हणजे बोर्ड लावलेलं हॉटेल असं डोळ्यापुढे आणू नका, दहा बाय बाराची खोली, त्यातच आम्ही राहायचो आणि त्यातच पंधरा-वीस गिरणी कामगारांचं दोन वेळचं जेवण व्हायचं. कोकणातनं आणि घाटावरनं आलेले पुरुष, बायकामुलं गावाला, राहायला गावकीची खोली, म्हणजे एका गावच्यांनी मिळून घेतलेली. त्या खोल्यांचा हिशोब आजच्या मुलांना सांगितला तर खोटं वाटतं. भिंतीला ओळीनं ट्रंका, ज्याची त्याची खुंटी, आणि झोपणं पाळीप्रमाणे, म्हणजे रातपाळीवाला सकाळी आला की पहिल्या पाळीवाल्याच्या उबदार वळकटीवरच आडवा. खोली एक, माणसं कधी कधी तीस-चाळीस, आणि भांडणं कशावरून, तर खुंटीवरून.

आजीची एक वही होती, लाल पुठ्ठ्याची, तेलाचे डाग पडलेली. ती मी मोठेपणी वाचली, आजी गेल्यावर, माळ्यावरचं सामान काढताना. अक्षर आईचं, कारण आजीला लिहिता येत नव्हतं, ती सांगायची आणि आई लिहायची. कोणाचे किती आले, किती राहिले, कोण चार दिवस गावाला गेला म्हणून खाडे, कोणी पाहुणा आणला, कोणाला सोमवारी मच्छी चालत नाही. एका नावापुढे लिहिलेलं, "पोळ्या मोजू नये." का मोजू नये ते लिहिलेलं नाही. मी आईला विचारलं तर ती म्हणाली, मला काय आठवतंय आता, आणि लगेच विषय बदलला. मला अजून कळलेलं नाही आणि खरं सांगायचं तर त्या एका ओळीवर मी कितीदा तरी कथा लिहायला बसलोय.

मग १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार, ६५ गिरण्या, पुढारी डॉक्टर दत्ता सामंत, हे सगळं तुम्ही वाचलेलं असतं. वहीत यातलं काही नाही. वहीत नुसती बाकी वाढत जाते. फेब्रुवारीत बाकी, मार्चमध्ये बाकी, मग एकेका नावापुढे "गावाला गेला", आणि त्याच्यापुढची पानं रिकामी. काही बाक्यांवर आईनं नंतर तिरपी रेघ मारलीये. आजी कोणाच्या गावापर्यंत वसुलीला गेली नाही, पण वाण्याचं देणं तिच्यावर होतंच की, ते तिनं कसं फेडलं? त्या आधीच, १९७५ मध्ये, प्रेमाताई पुरवांनी अन्नपूर्णा महिला मंडळ काढून खानावळवाल्या बायकांना बँकेचं कर्ज मिळवून द्यायला सुरुवात केली होती, आजीच्या ओळखीतल्या काही बायका त्यात होत्या, आजी मात्र शेवटपर्यंत सावकाराकडेच जात राहिली. सावकार शेजारच्याच चाळीतला, सणाला पुरणपोळी खायला यायचा आणि व्याज पण न्यायचा. गिरणगावावर मोठी कादंबरी लिहायची स्वप्नं बघणाऱ्यांना मी सांगतो, लाल बावटा आणि भोंगा दोन्ही राहू देत जरा बाजूला, आधी ती बाकी बघ.

जागेचं पण तसंच. नवीन लिहिणारा चाळ म्हटलं की एकदम गोड होतो, गॅलरी, पापड वाळवणं, गणपती, सगळे एका कुटुंबासारखे. मी चाळीत वाढलोय, कुटुंबासारखे होते हे खरंय, म्हणूनच तर कोणाला काही लपवता यायचं नाही. बीडीडी चाळ, म्हणजे इंग्रजांच्या काळात सरकारनं बांधलेली, तिच्यातली खोली १६० स्क्वेअर फूट. त्यात नवरा-बायको, आईवडील, धाकटा दीर, दोन पोरं. आता या घरात नुकतं लग्न झालेलं जोडपं भांडणार कुठे? मोठ्यानं भांडता येत नाही, हळू भांडलं तर सासूला वाटतं आपल्याबद्दल चाललंय. मग ते भांडण गॅलरीच्या टोकाला, नळावर, नाहीतर थेट स्टेशनला जाताना रस्त्यात होतं, आणि रस्त्यात रडता येत नाही. आमच्या मजल्यावर एक काका होते, बायकोशी काही महत्त्वाचं बोलायचं असलं की दोघं मिळून गच्चीवर गाद्या वाळत घालायला जायचे. पावसाळ्यातसुद्धा. आम्हा पोरांना त्याचं हसू यायचं.

वरळीच्या बीडीडीतल्या लोकांना २०२५ च्या ऑगस्टमध्ये नवीन टॉवरमधल्या घरांच्या पहिल्या चाव्या मिळाल्या, १६० चे ५०० स्क्वेअर फूट झाले, आपलं स्वतःचं बाथरूम, लिफ्ट. चांगलंच झालं. याच्याविरुद्ध गळा काढणारे बहुतेक लोक पहाटे डबा घेऊन रांगेत उभे राहिलेले नसतात. पण गोष्ट लिहिणाऱ्यानं तिथून पुढे बघावं. दार बंद करता येणारी खोली आयुष्यात पहिल्यांदा मिळालेलं पन्नाशीचं जोडपं दार बंद करून काय बोलत असेल? का सवय नाही म्हणून दार उघडंच ठेवत असेल? मेंटेनन्स भरायला मुलगा काय म्हणतो? आणि पागडीच्या, म्हणजे एकरकमी पैसे मोजून भाड्यानं घेतलेल्या, घरात तर प्रत्येक भाडेपावती म्हणजे एक कादंबरी आहे, पावती आजोबांच्या नावावर, आजोबा जाऊन तीस वर्षं झालेली, भाडं किरकोळ, हक्क सांगणारे पाच, आणि बिल्डर आला की गावाहून सहावा उगवतो. घरी पाटावर बसून जेवलेले भाऊ वकिलासमोर एकमेकांना "हे गृहस्थ" म्हणतात. हे मी ऐकलंय, माझ्या कानांनी.

वर सांगितलेल्या कार्यक्रमानंतर तो मुलगा खाली चहाच्या टपरीवर भेटला. म्हटलं, तू राहतोस कुठे? तर नालासोपारा. चौघं मिळून वन रूम किचन. मग पंधरा मिनिटं तो बोलत होता आणि मी चहा तसाच हातात धरून ऐकत होतो. पाणी पहाटे येतं, भरायची ड्युटी आळीपाळीनं, ज्याची ड्युटी त्याला आंघोळ पहिली. फ्रिजमधल्या अंड्यांवर पेनानं नावं. एकाची नाइट शिफ्ट असते म्हणून सकाळी कोणी लाइट लावायची नाही, बाकीचे तिघं मोबाइलच्या उजेडात दाढी करतात. एकाला बघायला मुलीकडचे पाहुणे येणार होते तेव्हा बाकी तिघं दिवसभर विरारला भावाच्या दुकानात जाऊन बसले आणि त्यांच्या चपला, टॉवेल, सगळं पलंगाखाली. आणि डिपॉझिट? मी विचारलंच. तो जरा थांबला. म्हणाला, एकाच्या बहिणीच्या लग्नाला ठेवलेले पैसे होते, तिला सांगितलंय सहा महिन्यांत परत देतो. दिले का? नाही अजून. ती काय म्हणते? काही म्हणत नाही, फोनवर फक्त विचारते, खोलीत ऊन येतं का.

मी म्हटलं, अरे हे लिही ना. तर म्हणाला, "दादा, यात काय लिहायचं, हे तर सगळ्यांचंच असतं."

हे सगळ्यांचंच असतं म्हणून कोणी लिहीत नाही, आणि मग वांद्र्याच्या खिडक्या मात्र ढीगभर. त्याला मी दोष देत नाही, आपण जिथे राहतो ते गोष्टीत घालायची लाज वाटते, मला पण वाटायची, अजून कुठे कुठे वाटते. डोंबिवलीला राहतो म्हटल्यावर समोरचा "अच्छा" म्हणतो ना, त्या अच्छामध्ये काय काय असतं ते डोंबिवलीकराला विचारा.

आता लोकलचं. मुंबईवरच्या नव्या कथेत लोकल असतेच आणि ती बहुधा एकाच प्रकारची, घामट गर्दी, लटकणारी माणसं, अनोळखी चेहरे. रोज जाणाऱ्याला ते चेहरे अनोळखी नसतात हो. ८.११ च्या लोकलच्या तिसऱ्या डब्यात कोण कुठे बसतं, कोणाचा बीपी वाढलाय, कोणाची मुलगी दहावीला, सगळं माहीत असतं, फक्त आडनाव माहीत नसतं. बोरिवलीला, म्हणजे वाटेतच, उतरायचंय आणि एखादा विरार फास्टमध्ये चढला तर त्याचं काय होतं ते एकदा बघून या, त्यात जी चीड आहे ती कशातनं आलीये त्याचा विचार करा, म्हणजे रोज दीड तास उभं राहणाऱ्याला अर्धा तास उभं राहणारा चोर का वाटतो ते कळेल. आमच्याकडे डोंबिवलीत लोक सीट मिळावी म्हणून उलटे कल्याणला जातात आणि तिथून बसून येतात. त्यासाठी पास कल्याणपासूनचा काढावा लागतो. म्हणजे एखाद्याच्या खिशात कल्याणचा पास असेल आणि घर डोंबिवलीत असेल तर त्याची कंबर दुखतेय हे तुम्हाला न सांगता कळलं. पास, डब्याचा दरवाजा, उतरायची बाजू, एवढ्यात माणूस दिसतो. गर्दीचं वर्णन चार ओळींच्या वर गेलं की मी पान उलटतो, कारण त्यात लिहिणारा फक्त स्वतःकडे बघत असतो.

आणि साल ठरवा रे बाबांनो. वाचक फार बेरकी असतो. कंडक्टरनं ५ रुपयांचं तिकीट फाडलं असं लिहिलंत तर गोष्ट कधीची? बेस्टचं कमीत कमी तिकीट २०१९ मध्ये ८ चं ५ झालं आणि २०२५ च्या मे महिन्यात ५ चं १०. जुनी डिझेलवाली लाल डबल डेकर २०२३ च्या सप्टेंबरमध्ये बंद झाली, त्यानंतरच्या गोष्टीत वरच्या मजल्यावर पुढच्या सीटवर बसलेलं तुमचं प्रेमी युगुल एसी डबल डेकरमध्ये बसलंय, खिडकीतनं केस उडणार नाहीत. हे शोधायला दहा मिनिटं लागतात. २६ जुलै २००५ चा पाऊस तर प्रत्येकाच्या पोतडीत असतो, त्या दिवशी तान्हं असलेलं पोर पण त्याच्यावर लिहितं. लिहा, हरकत नाही. पण सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पडला ही बातमी झाली. त्या दिवशी माझे एक ओळखीचे गृहस्थ अंधेरीहून ठाण्याला पाण्यातनं चालत गेले, रात्री अडीचला पोचले आणि बायकोनं दार उघडून पहिलं काय विचारलं असेल? "छत्री कुठेय?" त्यावर ते जे चिडले ते आजपर्यंत चिडलेलेच आहेत. शहर कसं एक झालं, अनोळखी लोकांनी बिस्किटं कशी वाटली, हेही खरंच आहे, मी पण खाल्लीयेत, पण ती छत्री मला जास्त आवडते.

बोलीबद्दल फार बोलत नाही, एवढंच की टपोरी शब्द मिरचीसारखे वरून भुरभुरू नका. भाऊ पाध्यांनी नाक्यावरची पोरं जशी बोलतात तशी 'वासूनाका' या पुस्तकात आणली तेव्हा आचार्य अत्रे तुटून पडले होते आणि दुर्गाबाई भागवत भाऊंच्या बाजूनं उभ्या राहिल्या होत्या. आज तशी भाषा कोणालाही वापरता येते, धक्का कोणालाच बसत नाही, त्यामुळे नुसत्या शिवीवर गोष्ट उभी राहत नाही. त्यापेक्षा कोण कोणाशी कुठल्या भाषेत बोलायला लागतं आणि मध्येच का बदलतं ते ऐका. भाड्यानं जागा बघायला जा एकदा, खरंच, नाटक म्हणून जा. फोनवर आधी नाव विचारतात, मग पूर्ण नाव विचारतात. पूर्ण नाव सांगितल्यावर जागा कालच गेलेली असते. बॅचलर नको, फक्त व्हेज, फक्त फॅमिली, आणि काही नावांना तर काहीच चालत नाही, ब्रोकर ते सांगतो पण किती गोड आवाजात. माझ्या ऑफिसातल्या एका मित्राला असं एकेक घर नाकारलं गेल्यावर शेवटी थेट मुसलमान वस्तीच्या मुंब्र्याला जावं लागलं, आणि तो हे सगळं हसत हसत सांगायचा, जेवताना. त्याच्या त्या हसण्यावर मी लिहू शकलेलो नाही. लिहावं की त्याचं त्यानं लिहावं, हे पण ठरत नाही. धारावीत दोन तास फिरून, फोटो काढून, कथा लिहिणाऱ्यांना असा प्रश्न पडत नसावा, त्यांचा हेवा वाटतो कधीकधी.

हे सगळं मी एकदा एका मुलीला ऐकवलं. ऐरोलीला नोकरी करते, कळव्याला राहते, लिहिते बरं. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "दादा, हे लिहायचं की सीएकडे द्यायचं? मला भुताची गोष्ट लिहायचीये." मी जरा खट्टू झालो. मग म्हटलं, ठीकाय, भूत राहतं कुठे? ती म्हणाली एसआरएच्या, म्हणजे झोपडपट्टीच्या जागी झोपडीवाल्यांसाठी बांधतात त्या, बिल्डिंगमध्ये, तेवीसाव्या मजल्यावर. म्हटलं, पात्र आहे का ते? आता एसआरएत पात्र म्हणजे काय ते झोपडपट्टीत राहिलेल्याला सांगावं लागत नाही. १ जानेवारी २००० च्या आधीचा पुरावा असेल तर घर फुकट, त्यानंतर २०११ पर्यंतचा असेल तर पैसे भरून, परिशिष्ट दोनमध्ये, म्हणजे पात्र लोकांच्या यादीत, नाव पाहिजे, नाहीतर बाहेर. ती गप्प झाली आणि दोन दिवसांनी फोन आला तेव्हा गोष्ट पार बदललेली होती.

आता तिचं भूत म्हणजे एक बाई आहे, लोकांकडे भांडी घासणारी, जिनं रेशनकार्ड, लाइटबिल, मतदार यादी सगळं प्लास्टिकच्या पिशवीत जपून यादीत नाव आणलं आणि ट्रान्झिट कॅम्पमध्येच, म्हणजे घर होईपर्यंतच्या तात्पुरत्या खोलीतच, वारली. मेल्यावर ती येते ते कोणाला घाबरवायला नाही, घर बघायला. लिफ्टनं येते, कारण तेवीस मजले भुताला पण जड. बायोमेट्रिकच्या रांगेत उभी राहते तर अंगठा मशीनवर उमटत नाही, आणि कोणाला काही संशय येत नाही, कारण तिच्या पुढच्या बाईचा पण उमटत नाहीये, तिच्या मागचीचा पण नाही, वर्षानुवर्षं राख आणि साबणात हात घालून सगळ्यांच्याच रेषा गेलेल्या. साहेब वैतागून म्हणतो, तेल लावून या. मी ते वाचलं तेव्हा डब्यात उभा होतो, मुलुंड गेलं ते कळलंच नाही.

आता तिचं घोडं अडलंय ते वारसावर. मोठा मुलगा म्हणतो घर माझं, धाकट्याकडे आईची पिशवी आहे. आणि आई तर स्वतःच घरात बसलीये. मी म्हटलं, मला यातलं काही कळत नाही, तुमच्या भागातल्या एखाद्या सोसायटीच्या सेक्रेटरीला जाऊन विचार. ती खरंच गेली. भुताचं सोडून बाकी सगळी केस त्याला सांगितली. त्यानं ऐकून घेतलं आणि म्हणाला, ते कोर्टात काय व्हायचं ते होईल हो, आधी मेंटेनन्स किती थकलाय ते सांगा.